जुन्या मुंबईची पिक्चर पोस्टकार्डं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चित्रकार आहे आणि कलेच्या इतिहासाचा अभ्यास करते. गेली पंचवीस-तीस वर्षं जुन्या मुंबईतल्या नामांकित वास्तूंची पिक्चर पोस्टकार्डं जमवते आहे. प्रदर्शनात किंवा कॉलेजातल्या व्याख्यानानंतर लोक भेटतात, तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं.

तुमच्या संग्रहात नेमकं काय आहे?

साधारण १८९८ पासून स्वातंत्र्यापर्यंतची मुंबईची चित्रं असलेली पोस्टकार्डं. भर वास्तूंवर आहे. बोरीबंदर, म्युनिसिपालिटी, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, ताज, गेटवे, क्रॉफर्ड मार्केट, फ्लोरा फाउंटन, वॉटसन हॉटेल, काळा घोडा, मलबार हिलवरून दिसणारी चौपाटी, अशी. एकाच वास्तूची अनेक कार्डं मी मुद्दाम ठेवते. बोरीबंदरची एकटीची शंभरावर आहेत. "एवढी एकसारखी कशाला?" असं घरचेही विचारायचे. ती एकसारखी नाहीतच. शेजारी शेजारी मांडली की रस्ता बदलतो, गाड्या बदलतात, आभाळाचा रंग बदलतो आणि माणसं तर कधी असतात, कधी पुसून टाकलेली असतात. एकट्या कार्डाकडे पाहून हे कळत नाही.

याची सुरुवात कशी झाली?

चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर. मी जुन्या लिथो छपाईचे, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईचे, नमुने शोधायला गेले होते. एका दुकानात चहाच्या पत्र्याच्या डब्यात कार्डं उभी करून ठेवलेली होती. त्यात राजाबाई टॉवरचं एक कार्ड निघालं, करड्या-तपकिरी रंगातलं. मागच्या बाजूला फक्त पत्ता, आणि पुढच्या बाजूला टॉवरभोवतालच्या सगळ्या आभाळात जांभळ्या शाईतलं बारीक अक्षर. ओळी सुरुवातीला सरळ होत्या. टॉवरपाशी आल्यावर त्या वाकून त्याच्या कडेकडेने वर चढल्या होत्या आणि शेवटची सही कळसाच्या टोकापाशी अडकली होती. चित्रावर असं लिहिणं म्हणजे चित्राचा अपमान, असं मला तेव्हा वाटलं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की त्या काळी दुसरी जागाच नव्हती. त्या एका शोधापासून मी अडकले ती अडकलेच.

साधं पोस्टकार्ड आणि पिक्चर पोस्टकार्ड यात फरक काय?

साधं कार्ड पोस्टखात्याचं असतं आणि तिकीट त्यावरच छापलेलं असतं. जगातलं पहिलं असं कार्ड ऑस्ट्रियात १ ऑक्टोबर १८६९ ला निघालं. आपल्याकडे १ जुलै १८७९ ला आलं, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. मजकूर उघडा राहतो म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली, पण एका पैशात देशभर निरोप जातो म्हटल्यावर ते घरोघरी रुळलं.

पिक्चर पोस्टकार्ड खाजगी प्रकाशक छापत आणि तिकीट आपण लावायचं. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी दिसू लागतात. सुरुवातीला पोस्टाचा नियम असा होता की मागची बाजू फक्त पत्त्यासाठी. म्हणून लोक चित्राच्या कडेला, आभाळात, समुद्रावर, जिथे मोकळी जागा मिळेल तिथे लिहीत. ब्रिटनने १९०२ मध्ये मागच्या बाजूचे दोन भाग करायला परवानगी दिली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. बाकीचे देशही पुढच्या चार-पाच वर्षांत त्याच वाटेने गेले. तेव्हापासून चित्राला कार्डाची सबंध बाजू मिळाली. छायाचित्रकार आणि छपाईवाले खऱ्या अर्थाने हात मोकळे करून काम करू लागले ते इथून पुढे.

कार्डावर साल छापलेलं नसतं. मग काळ कसा ठरवता?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

कार्ड टपालाने गेलेलं असेल तर पोस्टाचा शिक्का आधी बघायचा. तो पुसट असेल तर तिकिटावरचा चेहरा. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज या क्रमाने काळ पुढे सरकतो. एडवर्डची तिकिटं १९०२ पासूनची, पाचव्या जॉर्जची १९११ पासूनची. देशांतर्गत कार्डाला पाव आणा लागे, तो १९२२ मध्ये अर्धा आणा झाला. विलायतेला कार्ड जायला एक आणा लागायचा. मुंबईची कितीतरी कार्डं बोटीने गेली आणि त्यांच्यावर सी पोस्ट ऑफिसचा शिक्का असतो. मुंबई ते एडन या प्रवासात बोटीवरच टपालाची वर्गवारी चालायची, तिथला तो शिक्का.

मात्र शिक्का सांगतो ते कार्ड कधी पाठवलं, एवढंच. फोटो कधी काढला हे चित्रातच शोधावं लागतं. मुंबईत त्यासाठी ट्राम फार उपयोगी. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली आणि १९०५ मध्ये बंद झाली. विजेची ट्राम ७ मे १९०७ ला आली. म्हणजे रुळांवर घोडे दिसले तर फोटो १९०५ च्या आधीचा. वर तारा आणि डब्यावर दांडा दिसला तर १९०७ नंतरचा. दुमजली ट्राम दिसली तर १९२० च्या पुढचा. लाल बस दिसली तर १५ जुलै १९२६ नंतरचा, कारण त्या दिवशी मुंबईत पहिली बस धावली.

इमारतीही साक्ष देतात. पालवा बंदराच्या (अपोलो बंदराच्या) चित्रात ताज नसेल तर ते चित्र जुनं, कारण हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. ताज आहे आणि समोर गेटवे नाही, तर १९०३ आणि १९२४ यांच्या मधलं. गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. त्याआधीची काही वर्षं तिथे बांधकाम चालू होतं, त्यामुळे एखाद्या कार्डाच्या कडेला परांचीचे बांबू डोकावतात. म्युनिसिपालिटीसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा उभा असेल तर १९२३ किंवा नंतरचं.

एक फसगत मात्र सगळ्यांची होते, माझीही झाली आहे. प्रकाशक एकच काच-निगेटिव्ह दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं वापरत. १९१२ चा शिक्का असलेल्या कार्डावर घोड्यांची ट्राम दिसते ती त्यामुळे. म्हणून मी प्रत्येक कार्डाच्या नोंदीत दोन काळ लिहिते, चित्राचा वेगळा आणि कार्डाचा वेगळा.

ही कार्डं कोण छापायचं?

मुंबईत क्लिफ्टन अँड कंपनी या फोटो स्टुडिओची कार्डं विपुल आहेत. फोटोटाइप कंपनी होती. पुस्तकविक्रेते थॅकर होते. लंडनच्या राफेल टक अँड सन्स कंपनीने 'ऑइलेट' नावाने तैलचित्रासारखी दिसणारी कार्डं १९०३ पासून काढली, त्यात मुंबईचेही संच आहेत. त्यांच्या कार्डावर मागे रंगपाटी आणि ईझलचं चिन्ह असतं. या कंपनीची लंडनमधली इमारत २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. मूळ चित्रं आणि कागदपत्रं तिच्याबरोबर गेली. आता ती चित्रं आपल्यापर्यंत पोचतात ती फक्त कार्डांच्या रूपाने.

छपाई पुष्कळदा जर्मनीत व्हायची. 'प्रिंटेड इन सॅक्सनी' ही ओळ मुंबईच्या कितीतरी कार्डांच्या कडेला बारीक अक्षरात सापडते. जर्मन कारागीर कोलोटाइप (जिलेटिनच्या थरावरून होणारी फोटोछपाई) आणि रंगीत लिथोमध्ये फार पुढे होते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि ही वाट बंद झाली. संग्रह कालक्रमाने लावला की तो धक्का कागदावर जाणवतो. कागद पातळ होतो आणि रंग खरखरीत होतात.

आपल्याकडेही चांगली छपाई होत होती. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवादिकांच्या तसबिरींसाठी तो घरोघरी माहीत आहे, पण भारतातल्या सगळ्यात सुरुवातीच्या लिथो पिक्चर पोस्टकार्डांमध्ये या छापखान्याची कार्डं मोडतात. शंकर-पार्वती ज्या दगडांवरून छापले जात, तसल्याच दगडांवरून मुंबईची माणसं कार्डावर उतरली.

त्या कार्डांवरचे रंग खरे आहेत का?

नाहीत. माझ्या सगळ्या अभ्यासाचा गाभा या 'नाही'मध्ये आहे.

फोटो काळा-पांढरा असायचा. तो युरोपातल्या छापखान्यात जायचा, सोबत कधी रंगांबद्दल चार ओळींच्या सूचना, कधी तेवढंही नाही. तिथला रंगारी मुंबई न पाहताच मुंबई रंगवायचा. माझ्याकडे म्युनिसिपालिटीच्या इमारतीची तीन कार्डं आहेत, तिन्ही एकाच निगेटिव्हवरची. कडेच्या बैलगाडीचं उजवं चाक तिन्हीत एकाच अंशात थांबलेलं आहे. पहिल्यात इमारत बदामी आणि आभाळ फिकट निळं. दुसऱ्यात इमारत विटकरी, आभाळ नारिंगी. तिसऱ्यात सगळंच गडद निळं, खिडक्यांत पिवळे ठिपके आणि घुमटाच्या डावीकडे पूर्ण चंद्र. खाली शीर्षक छापलंय, चांदण्यातली मुंबई. पण रस्त्यावर माणसांच्या सावल्या आहेत, आखूड आणि काळ्याभोर. म्हणजे दुपारी बाराच्या उन्हात काढलेल्या फोटोवर चंद्र चिकटवलेला आहे. असली 'चांदण्यातली' कार्डं तेव्हा जगभर निघत.

भिंगातून पाहिलं की आणखी दिसतं. विजेच्या तारा खरवडून काढलेल्या असतात. ट्रामच्या मागे धूसर झालेला माणूस नीट रेखून उभा केलेला असतो. पांढऱ्या पागोट्याला लाल रंग दिलेला असतो, कारण कार्डाच्या त्या कोपऱ्यात लाल हवा असं रंगाऱ्याला वाटलं. चित्रकार म्हणून मला त्याचं मन कळतं. मोकळ्या करड्या रस्त्यावर मीही तिथे लाल ठिपका दिला असता.

म्हणून पोस्टकार्डाला पुरावा म्हणून वापरताना फार जपावं लागतं. इमारतीच्या रंगासाठी ते कुचकामी. खिडक्यांच्या संख्येसाठी, रस्त्याच्या रुंदीसाठी, पाट्यांसाठी, झाडांसाठी उत्तम. आणि त्या काळच्या लोकांना मुंबई कशी दिसावीशी वाटत होती, यासाठी तर दुसरं इतकं चांगलं साधन मला माहीत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगते, कार्डात काय बदललंय ते आधी शोधा. बदल करायला कोणीतरी पैसे खर्च केलेत, त्याअर्थी ते कोणालातरी महत्त्वाचं होतं.

या कार्डांमध्ये मराठी माणूस कुठे आहे?

शोधावा लागतो, आणि शोधायलाच हवा.

पहिलं नाव महादेव विश्वनाथ धुरंधरांचं. जन्म १८६७, कोल्हापूर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी, मग तिथेच शिक्षक, आणि काही काळ संचालकाच्या खुर्चीत बसलेले पहिले भारतीय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईतल्या माणसांची चित्रं पोस्टकार्डांसाठी काढली. रस्त्यावरच्या, घरकामाच्या, कचेरीतल्या. परदेशी प्रकाशकांच्या कार्डावर 'नेटिव्ह' माणूस बहुतेक वेळा नमुना म्हणून ताठ उभा असतो. धुरंधरांची बाई डोक्यावर ओझं घेऊन चालते तेव्हा कंबर कुठे वळते, पदर कुठे खोचलेला आहे, टाच कशी उचललेली आहे हे सगळं तिथे आहे. नऊवारीच्या कासोट्याची चुणी चुकीच्या ठिकाणी पडलेली नाही. हे पाहिलेल्या माणसाचं चित्र आहे.

दुसरं नाव कार्डावर कुठेच छापलेलं नाही. सीताराम खंडेराव वैद्य. बोरीबंदर स्टेशनचे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या हाताखाली काम केलेले हे वैद्य. पुढे ताजमहाल हॉटेलचे आराखडे त्यांनी आणि डी. एन. मिर्झा यांनी केले. वैद्य काम पूर्ण व्हायच्या आत वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेलं. म्हणजे मुंबईच्या सगळ्यात जास्त खपलेल्या दोन चित्रांमागे एका मराठी माणसाचा हात आहे, आणि हजारो कार्डांमध्ये त्याचं नाव एकदाही नाही. बोरीबंदरच्या दगडावरची पानंफुलं, पशुपक्षी हेही जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी घडवलेले आहेत. मी शीर्षकपट्ट्या लिहिते तेव्हा ही नावं लिहिते.

आणि जे चित्रातच नाही त्याचं काय? कार्डांवरची मुंबई बहुतेक कोटातली, म्हणजे फोर्टमधली, मलबार हिलवरची, बंदरावरची. काळबादेवी रोड आणि भेंडीबाजार येतात ते 'नेटिव्ह टाउन' या शीर्षकाखाली, गर्दीचं दृश्य म्हणून. गिरगावातल्या वाड्या, परळ-लालबागच्या गिरण्या, चाळींचे कठडे यांची कार्डं शोधून शोधून मी थकले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळाली. या शहराचे पैसे तिथे तयार होत होते, पण बोटीतून उतरलेल्या पाहुण्याला विकत घ्यावंसं वाटेल असं तिथे काही नाही, असा प्रकाशकांचा हिशोब होता. याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझी आजी लालबागच्या चाळीत वाढली. तिच्या लहानपणाच्या मुंबईचं एकही कार्ड माझ्याकडे नाही.

कार्डांवर दिसणारे पुतळे आता कुठे आहेत?

काळा घोडा म्हणजे राजपुत्र असतानाच्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १८७९ चा, अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला. १९६५ मध्ये तो हलवला आणि आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे जिजामाता उद्यानात आहे. २०१७ मध्ये काळा घोडा परिसरात नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही.

संगमरवरी छत्रीखाली बसलेल्या व्हिक्टोरिया राणीचा पुतळा खूप कार्डांवर आहे. मॅथ्यू नोबल यांनी केलेला, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, १८७२ मध्ये बसवलेला. १८९६ मध्ये याच पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. त्यानंतरच्या कार्डांमध्ये राणी अर्थातच स्वच्छ दिसते. पण एकदा ही हकीकत कळली की त्या कार्डाकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही. डोळा आपोआप चेहऱ्यावर डाग शोधतो. हा पुतळाही १९६५ मध्येच हलवला, आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

बोरीबंदरच्या घड्याळाखाली राणीचा आणखी एक पुतळा होता. जुन्या कार्डावर भिंगाने स्पष्ट दिसतो. आज तो कोनाडा रिकामा आहे.

जुनी इंग्रजी रस्त्यांची नावं कशी लावायची?

हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी रोड. एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी रोड. एल्फिन्स्टन सर्कल म्हणजे हॉर्निमन सर्कल. क्रुकशँक रोड म्हणजे महापालिका मार्ग, चर्चगेट स्ट्रीट म्हणजे वीर नरिमन रोड आणि क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे रोड. अपोलो बंदरला आपली माणसं पालवा बंदरच म्हणत आली. मी नोंदीत तिन्ही लिहिते, कार्डावरचं, आजचं आणि लोकांच्या तोंडातलं.

दुसऱ्याची खाजगी पत्रं वाचणं योग्य आहे का?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला होता आणि मी गप्प बसले होते. पोस्टकार्ड उघडंच असतं, पोस्टमनही वाचू शकतो, हे खरं. तरी मी एक पथ्य पाळते. मजकुरातली नावं आणि पत्ते प्रदर्शनात झाकते. आजारपण, पैशांची अडचण, घरातली भांडणं असं काही असेल तर ती बाजू मांडतच नाही.

बहुतेक मजकूर साधेच असतात. बोट पोचली, उकाडा फार आहे, इथली खिडकी आमची असं म्हणून चित्रातल्या खिडकीवर शाईची फुली. अशा फुल्या असलेली कार्डं बाजारात 'खराब' म्हणून स्वस्तात मिळतात. मी ती आधी उचलते. मराठी मजकुराची पिक्चर पोस्टकार्डं कमी, मोडीतली आणखी कमी. आपल्या लोकांना निरोप पाठवायला पोस्टखात्याचं एक पैशाचं कार्ड पुरेसं होतं.

कार्डं कुठे मिळतात आणि किती रुपयांना?

मुंबईत चोरबाजार, पुण्यात जुना बाजार, टपाल तिकिटांची प्रदर्शनं आणि विक्रेते, इंटरनेटवरचे लिलाव. सगळ्यात चांगली कार्डं इंग्लंडहून परत येतात, कारण गेलेली तिकडेच होती. किंमत वास्तूपेक्षा छपाईवर आणि दुर्मीळपणावर ठरते. बोरीबंदरची साधी कार्डं मी दीडशे-दोनशे रुपयांना घेतली आहेत. एका चाळीच्या कार्डाला मी महिन्याच्या किराण्याएवढे पैसे मोजले. नव्याने जमवणाऱ्याने एक वास्तू किंवा एक रस्ता धरावा. सगळी मुंबई एकदम जमवायला गेलं की हाती नुसता ढीग राहतो.

नकली कार्ड कसं ओळखायचं?

दहापट भिंग जवळ ठेवा. कोलोटाइपमध्ये सुरकुतल्यासारखा बारीक दाणा दिसतो, लिथोमध्ये रंगाचे विस्कळीत ठिपके, अस्सल फोटोकार्डात, म्हणजे थेट फोटोकागदावर काढलेल्या कार्डात, ठिपकेच नसतात. आखीवरेखीव ओळीतले चार रंगांचे ठिपके दिसले तर सावध व्हा. अतिनील दिवा असेल तर अंधारात धरा. जुना कागद मंद राहतो, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कागद पुष्कळदा निळसर चमकतो, कारण त्यात शुभ्रता आणणारी रसायनं घातलेली असतात. फोटोकार्डाच्या मागे तिकिटाच्या चौकोनात फोटोकागदाच्या कंपनीचं नाव असतं, त्यावरूनही काळ कळतो.

मुंबईच्या पावसाळ्यात ती टिकवता कशी?

२६ जुलै २००५ ला मी तळमजल्यावर राहत होते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रात्री पाणी घरात शिरलं ते कमरेपर्यंत चढलं. कार्डांचे दोन अल्बम कपाटाच्या खालच्या फळीवर होते. पाणी ओसरल्यावर ते काढले तेव्हा वडीच्या पिठासारखे लगदा झाले होते. मी घाबरून पानं तशीच उन्हात ठेवली, आणि ती माझी मोठी चूक. फोटोकार्डांवर जिलेटिनचा थर असतो. तो वाळताना समोरच्या कार्डाला घट्ट चिकटतो. सोडवायला गेले तर पालवा बंदराचा अर्धा समुद्र दुसऱ्या कार्डाच्या पाठीवर गेला. दुसरा अल्बम एका संग्रहालयात काम करणाऱ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून ओलाच ठेवला, कार्डं स्वच्छ गार पाण्याच्या परातीत एकेक करून अलगद सुटी केली आणि टीपकागदावर चित्र वर ठेवून सावलीत वाळवली. त्यातली बहुतेक वाचली. लगेच जमणार नसेल तर ओली कार्डं पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत, म्हणजे बुरशी धरत नाही आणि पुढे सवडीने काम करता येतं. त्या आठवड्यात आमच्याकडे वीजच नव्हती.

आता सगळं वरच्या फळीवर आहे. प्रत्येक कार्ड पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, पाकिटं आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी. पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, त्यांतून निघणारा वायू चित्राला चिकटपणा आणतो. चिकटपट्टी, डिंक, स्टेपलर यांना कार्डाच्या जवळही येऊ देऊ नका. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बदला. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की मी सगळी खोकी उघडते, कसर लागली आहे का ते बघते. हा आता घरातला सणच झाला आहे.

स्कॅन कसं करावं?

दोन्ही बाजू, ६०० डीपीआय, रंगीत, कडा न कापता. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा आणि रंग 'सुधारू' नका. नोंद करायची तर मऊ पेन्सिलीने, मागे, कोपऱ्यात.

ही चित्रं पुस्तकात किंवा समाजमाध्यमांवर वापरता येतील का?

भारतीय कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचा कॉपीराइट २०१२ पर्यंत प्रकाशनानंतर ६० वर्षं चालायचा, त्या वर्षीच्या दुरुस्तीपासून तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. चित्रकाराच्या चित्राचाही त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची चित्रं आता सगळ्यांची आहेत. माझ्या संग्रहातली जुनी कार्डंही. वापरताना प्रकाशकाचं नाव आणि अंदाजे साल लिहा, एवढी विनंती.

चित्रकाराला या संग्रहाचा काय उपयोग?

अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स लहानपणापासून पोस्टकार्डं जमवत होते. त्यांची सुमारे ९,००० कार्डं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. गावातला मुख्य रस्ता समोरून, साधेपणाने पाहण्याची त्यांची नजर आणि त्या कार्डांची नजर यांचं नातं लपत नाही. माझंही तसंच झालं. मी पूर्वी मुंबईची चित्रं काढायचे ती पावसातली, ओघळणारी, भावुक. कार्डांनी मला थांबायला शिकवलं. मधोमध इमारत, खाली एक तृतीयांश रस्ता, वर आभाळ. एवढ्या बांधीव चौकटीतही एखादा पाणक्या, एखादं कुत्रं, कॅमेऱ्याकडे वळून पाहणारा एखादा पोरगा निसटून येतो. सध्या मी त्या पोराचीच चित्रं काढते आहे. वेगवेगळ्या कार्डांतली अशी कॅमेऱ्याकडे पाहणारी सत्तेचाळीस माणसं मी भिंगाखाली शोधली. काहींचं डोकं मोहरीएवढं आहे. कार्डावर ती रस्त्याची भर म्हणून आली होती, माझ्या कॅनव्हासवर ती पुरुषभर उंचीची आहेत.

आमच्या घरी जुन्या ट्रंकेत अशी कार्डं सापडली. काय करू?

आधी हात धुऊन, कोरडे करून घ्या. कार्डं ज्या क्रमाने होती त्या क्रमाने फोटो काढा, मग हलवा. तिकिटं सोडवू नका, शिक्क्यासकट तिकीट कार्डावर असण्यातच त्याची माहिती आहे. दोरीने बांधलेला गठ्ठा असेल तर दोरीसुद्धा ठेवा. विकायची असतील तर खुशाल विका, पण सुटी सुटी करून नको. आणि घरात सत्तरी-ऐंशीचं कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसून एकेक कार्ड दाखवा, बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. मागच्या वर्षी दादरच्या एका आजींना मी चर्नी रोडचं कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड नाकाशी नेलं आणि डाव्या कडेच्या भिंतीवर नख ठेवून म्हणाल्या, इथून आत वळलं की आमची वाडी. कार्डात तिथे फक्त भिंत आणि एक गॅसचा दिवा आहे. मी त्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने वाडीचं नाव लिहून ठेवलंय.